जुन्या गाडीच्या सीडी डेकवर आयपॉडमधील ध्वनिमुद्रणे नीट कशी ऐकता येतील?

करवीर

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण सगळी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय योग्य सल्ला मिळणार नाही असे वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे २००८ सालची एक लहान पेट्रोल गाडी आहे आणि तिच्यात कंपनीनेच बसवलेला सीडी डेक आहे. त्यावर रेडिओ, साधी सीडी आणि एमपी३ सीडी वाजते. यूएसबी, ऑक्स (बाहेरच्या प्लेअरची तार जोडण्याचे छिद्र) किंवा ब्लूटूथ यांपैकी काहीही नाही. डेकचा दर्शनी भाग डॅशबोर्डच्या वळणाला जुळेल असा घडवलेला असल्यामुळे तो काढून बाजारातला दुसरा बसवायचा, तर आजूबाजूचे पॅनलही बदलावे लागते.

माझे वडील १९७८ ते १९९६ या काळात घरच्या टू-इन-वनवर आकाशवाणीचे शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवत असत. संगीत संमेलनाच्या रात्री तर ते कॅसेट पालटण्यासाठी घड्याळ लावून बसत. त्यांच्या पश्चात २१० कॅसेट माझ्याकडे आल्या. त्यांतल्या बहुतेक नव्वद मिनिटांच्या आहेत, म्हणजे प्रत्येक बाजू ४५ मिनिटांची. दोन हिवाळे खर्चून मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि १९२ केबीपीएसच्या एमपी३ स्वरूपात १६० जीबीच्या आयपॉड क्लासिकवर साठवल्या. एका बाजूची फाइल सुमारे ६५ एमबीची होते, त्यामुळे एका सीडीवर जेमतेम दहा बाजू मावतात आणि सीडी बंद करून पुन्हा लावली की हा डेक ख्याल पहिल्यापासून सुरू करतो. आयपॉडमध्ये मात्र फाइलला थांबलेली जागा लक्षात ठेवायला सांगता येते, आणि चाळीस-चाळीस मिनिटांच्या बडा ख्यालासाठी ही सोय मला फार मोलाची वाटते.

आई कोल्हापूरला असते. दर महिन्याला उपचारासाठी तिला पुण्याला आणणे आणि परत पोहोचवणे मी करतो. वाटेत तिला या कॅसेटच ऐकायच्या असतात. सध्या मी लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम मॉड्युलेटर वापरतो, म्हणजे आयपॉडचा आवाज मॉड्युलेटर हवेत सोडतो आणि डेकचा रेडिओ तो पकडतो. द्रुत बंदिश, तराणा असे भरीव आवाजाचे काही असेल तेव्हा तो चालून जातो. आलापीला मात्र मागून सतत फसफस येते, तानपुरा त्या फसफशीत विरघळतो आणि खंबाटकी घाटाच्या माथ्यावर गेले की मधूनच कुठल्या तरी केंद्राची जाहिरात घुसते.

माझी खरी अडचण यापुढची आहे. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला बाबा माइकजवळ तोंड नेऊन तारीख, वार आणि रागाचे नाव सांगतात. घरात सगळे झोपलेले असल्यामुळे त्यांचा आवाज दबका आहे. घरी हेडफोनवर तो स्वच्छ ऐकू येतो, पण गाडीत त्यातले एक अक्षरही कळत नाही. आई दर वेळी पुढे वाकून ते सात-आठ सेकंद ऐकण्याचा प्रयत्न करते. मला ते सात-आठ सेकंद नीट ऐकवायचे आहेत. डेक न बदलता हे साधेल का?

सरळमार्ग

करवीर, आपली भावना समजली, तरीही मी डेक बदलण्याचाच सल्ला देईन. यूएसबी, ऑक्स आणि ब्लूटूथ असलेला साधा डेक आता सहज मिळतो. प्रमाणित आकाराचा एकेरी डेक १८० बाय ५० मिमीचा आणि दुहेरी १८० बाय १०० मिमीचा असतो. जुन्या गाड्यांसाठी त्या मापाची तयार फ्रेमही बहुधा मिळते आणि तारा न कापता जोडणी करण्यासाठी कपलर मिळतो. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या डेकवर खर्च आणि श्रम करण्यापेक्षा हा मार्ग निर्वेध आहे. थांबलेली जागा लक्षात ठेवणारे डेकही असतात. फक्त विकत घेण्यापूर्वी स्वतःचा पेन ड्राइव्ह लावून, गाडीची चावी बंद-चालू करून, दुकानातच खात्री करून घ्यावी.

पेन ड्राइव्हबद्दल एक सूचना. अनेक डेक फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच ड्राइव्ह वाचतात. शिवाय फाइलींचा क्रम नावाप्रमाणे न लावता, त्या ज्या क्रमाने ड्राइव्हवर चढवल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवणारे डेकही बरेच आहेत. म्हणून ४२० बाजू चढवताना फोल्डर एकेक करून, क्रमाने चढवावेत. फाइलींची नावे देवनागरीत असतील तर पडद्यावर चौकोन दिसण्याची शक्यता मोठी आहे.

तारजोड

मी गेली बावीस वर्षे गाड्यांचे डेक दुरुस्त करतो. सरळमार्ग यांचा सल्ला चुकीचा नाही, पण कंपनीच्या डेकला मोडीत काढण्याची घाई करू नये असे मला वाटते. त्या काळातल्या अनेक डेकमधला ध्वनिवर्धक भाग आजच्या स्वस्त टचस्क्रीन डेकपेक्षा शांत आहे, म्हणजे काहीही वाजत नसताना स्पीकरमधून येणारी खरखर कमी आहे. करवीर यांना दबका आवाज ऐकायचा आहे. त्या कामाला असा शांत डेकच हवा.

करवीर, कृपया चार गोष्टी सांगा. गाडीची एरियल पुढच्या खांबावर आहे की छताच्या मागच्या बाजूला? आयपॉड वाजत असताना तो त्याच सॉकेटमधून चार्जही होत असतो का? मॉड्युलेटरला आवाज आयपॉडच्या हेडफोनच्या छिद्रातून जातो की खालच्या रुंद खाचेतून? आणि डेक बाहेर काढून त्याच्या पाठीमागच्या खाचांचे वर्णन देता येईल का? डेकच्या पाठीवर बऱ्याच वेळा अशी एखादी रिकामी खाच सापडते, जिचा उल्लेख गाडीच्या पुस्तिकेत नसतो.

मध्यसप्तक

तारजोड पुढचे सांगतीलच. दरम्यान एफएम मॉड्युलेटरवर नेमकी आलापीच का बिघडते ते मांडतो, कारण यात आपल्या कानांची किंवा ध्वनिमुद्रणांची काहीच चूक नाही.

एफएमवर साधारण १५ किलोहर्ट्‌झपर्यंतचाच ध्वनी जातो, म्हणून अनेक जण मॉड्युलेटरला नावे ठेवतात. आपल्या बाबतीत ती मर्यादा मुळीच आड येत नाही, कारण मध्यम लहरींवरचे प्रसारण कॅसेटवर उतरवले तेव्हाच वरचा सगळा भाग निघून गेला आहे. नुकसान होते ते आवाजाच्या पातळीत. एफएममध्ये आवाज जितका मोठा, तितकी लहरीची कंप्रता मध्यापासून दूर झुकते. जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्‌झ इतकी. दबका आवाज तिला जेमतेम हलवतो आणि आवाज वाहून नेणाऱ्या त्या लहरीच्या मागे कायम असलेली फसफस त्या मानाने मोठी होऊन बसते. त्यातच स्वस्त मॉड्युलेटरमध्ये आवाज आपोआप समपातळीत आणणारी एक योजना असते. शांत जागा आली की ती पातळी वर खेचते, त्याबरोबर फसफसही वर येते, आणि तबल्याची पहिली थाप पडताच सगळे एकदम खाली जाते. आपले वडील बोलतात ती जागा नेमकी अशीच आहे.

घाटमाथ्यावर होणाऱ्या घुसखोरीचे कारण वेगळे आहे. एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे असतील तर एफएम रेडिओ त्यांतले जोरकस केंद्र धरतो आणि दुसरे जवळजवळ दाबून टाकतो. पायथ्याशी डोंगर आडवे असतात, त्यामुळे आपला मॉड्युलेटर जिंकतो. माथ्यावर दूरच्या मनोऱ्यांशी सरळ दृष्टिरेषा जुळते आणि मॉड्युलेटरची ताकद तर चिमूटभर असते.

तात्पुरते दोन उपाय करून पाहा. आपल्याकडच्या खाजगी वाहिन्या ९१.१ पासून वर आहेत, पुण्यात ९०.४ वर फिल्म इन्स्टिट्यूटचे सामुदायिक केंद्र आहे, १०१ वर आकाशवाणी आहे, १०७.४ वर विद्यापीठाची विद्यावाणी आहे. म्हणून ८८ ते ८९.५ या पट्ट्यात जागा शोधावी. दुसरे म्हणजे, डेकवर किंवा मॉड्युलेटरवर मोनोची सोय असेल तर ती वापरावी. स्टीरिओ पकडताना रेडिओची फसफस पुष्कळ वाढते आणि आपली ध्वनिमुद्रणे मुळात मोनोच आहेत, त्यामुळे त्यात गमावण्यासारखे काही नाही.

जुनाटेप

माझ्या १९९९ सालच्या गाडीत कॅसेटचा डेक असल्यामुळे मला हा त्रास कधी झाला नाही. कॅसेटच्या आकाराचा एक अडॅप्टर मिळतो. त्यात फीत नसते. जिथे फीत डेकच्या हेडला टेकते तिथे एक छोटे हेड बसवलेले असते आणि त्याची तार कॅसेटच्या दारातून बाहेर येते. प्लेअरचा आवाज त्या हेडमध्ये चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि डेकचे हेड ते फितीवरचेच समजून वाचते. हवेतून काहीच जात नाही, त्यामुळे कुणाचे केंद्र मध्ये येत नाही. आतल्या प्लॅस्टिकच्या चाकांची किरकिर मात्र कधी कधी ऐकू येते. ऑटोरिव्हर्स डेकमध्ये चाके अडकली तर डेक सारखा बाजू पालटत राहतो. तेव्हा चाकांवर सिलिकॉन तेलाचा बारीक थेंब सोडावा लागतो.

करवीर यांच्याकडे सीडी डेक आहे, त्यामुळे हे त्यांच्या उपयोगाचे नाही याची मला कल्पना आहे. पण ज्यांच्या गाडीत अजून कॅसेटचा डेक आहे त्यांनी तो काढून टाकण्याआधी विचार करावा, इतक्यासाठीच लिहिले.

दूरदेशी

इथे ऑकलंडमध्ये आमची अडचण आणखी निराळी असते. जपानमधून आलेल्या वापरलेल्या गाड्या इथे फार आहेत आणि त्यांचे मूळ रेडिओ जपानच्या पट्ट्यासाठी, म्हणजे ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झसाठी बनवलेले असतात. इथली केंद्रे ८८ ते १०८ मध्ये असल्यामुळे एरियलच्या तारेत बँड एक्सपांडर नावाची डबी बसवतात आणि ती सगळी केंद्रे खाली सरकवून रेडिओच्या टप्प्यात आणते. मी मॉड्युलेटर आणला तेव्हा तो ८८.१ वर लावूनही रेडिओवर त्या जागी सापडेना. मॉड्युलेटरचा आवाजही त्या डबीतूनच सरकून येत होता, हे उमगायला मला आठवडा लागला. आपल्या मंडळींपैकी कुणी इथे अशी गाडी घेतली असेल, तर आकडा जुळत नाही म्हणून मॉड्युलेटर परत करू नये. आधी डबी किती सरकवते ते डबीवर वाचावे आणि तितके वजा करून रेडिओ लावावा.

करवीर

सर्वांचे मनापासून आभार. तारजोड, आपल्या प्रश्नांची उत्तरे देतो. एरियल छताच्या मागच्या टोकाला आहे. आयपॉड त्याच सॉकेटमधून चार्ज होत असतो. आवाज हेडफोनच्या छिद्रातून घेतला आहे. रविवारी धीर करून डेक बाहेर काढला. पाठीमागे एरियलची जाड पिन आहे, वीज आणि स्पीकर यांची मोठी खाच आहे आणि शेजारी तेरा पिनांची एक रिकामी खाच आहे, जिच्यावर सीडी चेंजर, म्हणजे अनेक सीडी आपोआप बदलणारी जोडपेटी, अशा अर्थाची खूण आहे. मध्यसप्तक यांनी सुचवल्याप्रमाणे ८८.७ वर आणि मोनोवर लावून पाहिले. फसफस निम्म्याहून कमी झाली. बाबा काही बोलत आहेत हे आता कळते, मात्र काय बोलत आहेत हे अजून कळत नाही.

सरळमार्ग, आपला सल्ला व्यवहाराला धरून आहे, हे मला मान्य आहे. पण हा डेक बाबांनी गाडी घेताना पसंत केला होता आणि आईला त्याची बटणे न पाहता लावता येतात. तो बदलायची माझी इच्छा नाही.

तारजोड

एरियल छताच्या मागे आणि मॉड्युलेटर पुढच्या सॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या गाडीत दोघांमधले अंतर जितके जास्त असू शकते तितके आहे. आता आपल्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट तारेच्या मॉड्युलेटरची. हा मॉड्युलेटर एरियलची पिन आणि डेक यांच्या मध्ये बसतो आणि चालू केला की बाहेरची एरियल तोडून आपला आवाज थेट डेकच्या एरियलच्या छिद्रात देतो. जाहिराती घुसणे पूर्ण थांबते, फसफसही बरीच उतरते. तरीही तो एफएमच आहे, त्यामुळे मध्यसप्तक यांनी सांगितलेली दबक्या आवाजाची मर्यादा थोडीफार राहतेच.

दुसरी वाट त्या तेरा पिनांच्या खाचेची. तिथे नुसत्या आवाजाच्या तारा जोडून काम होत नाही. पलीकडून चेंजर जोडलेला असल्याचा संकेत आल्याशिवाय डेक ती खाच निवडूच देत नाही. तो संकेत देणारी डबी काही डेकसाठी मिळते, काहींसाठी मिळत नाही. आपल्या डेकवरचा क्रमांक वाचल्याशिवाय यावर खात्रीने बोलता येणार नाही.

तिसरी वाट मला सर्वांत पसंत आहे, पण ती सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी. डेक उघडला की सीडीच्या भागाकडून आवाज नियंत्रित करणाऱ्या चिपकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या रेषा सापडतात. त्या रेषांमध्ये स्विच असलेले ३.५ मिमीचे सॉकेट बसवायचे. पिन घातली नाही तर सीडी पूर्वीसारखी वाजते; पिन घातली की सीडीचा आवाज तुटतो आणि आयपॉडचा आत जातो. डेक मात्र सीडी वाजतेच आहे असे समजला पाहिजे, म्हणून पूर्ण शांततेची एक सीडी बनवायची: ७९ मिनिटांचा एकच मुका ट्रॅक, आणि डेक रिपीटवर. कारागिराला दोन गोष्टी आवर्जून सांगा. प्रत्येक रेषेवर सुमारे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालायचा, म्हणजे चिपवरचे स्थिर व्होल्टेज बाहेर येत नाही. आणि सॉकेटची जमीन, म्हणजे विजेची परतीची तार, डेकच्या पत्र्याला न जोडता आतल्या आवाजाच्या जमिनीला जोडायची. बहुतेक जण इथेच चुकतात आणि मग घरघर येते म्हणून डेकला दोष देतात.

आवाज आयपॉडच्या खालच्या रुंद खाचेतून घ्या. २००३ साली आलेल्या त्या तीस पिनांच्या खाचेत लाइन आउट आहे, म्हणजे आवाज हेडफोनचा ध्वनिवर्धक वगळून ठरावीक पातळीवर बाहेर येतो आणि चाकाने कमी-जास्त होत नाही. २०१२ नंतरच्या अरुंद खाचेत ही सोय नाही, तिथे तारेतच वेगळी चिप लागते. आपल्याकडे जुने मॉडेल आहे ही जमेची बाजू आहे.

सरळमार्ग

शांततेची सीडी सतत फिरत राहिली तर लेझर आणि मोटर झिजेल, हेही लक्षात घ्यावे.

तारजोड

हे खरे आहे. कोल्हापूरची महिन्यातून एक फेरी म्हणजे जाऊन-येऊन नऊ-दहा तास होतात. इतक्या वापरात मी ही जोखीम घेईन. टॅक्सीसारखा दिवसभर वापर असता तर तारेचा मॉड्युलेटरच सुचवला असता.

संत्रानगरी

विषय थोडा बाजूला नेतो, पण आयपॉड वाचवायचा असेल तर हे महत्त्वाचे आहे. आयपॉड क्लासिकमध्ये फिरती हार्ड डिस्क असते आणि उत्पादकाने साठवणुकीची कमाल मर्यादा ४५ अंश दिलेली आहे. आमच्या नागपुरात मे महिन्यात बाहेरच तितके तापमान असते. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. माझ्या प्लेअरची बॅटरी अशीच फुगून मागचा पत्रा उचलला गेला. म्हणून गाडी लावली की प्लेअर खिशात घेऊनच उतरावे आणि ४२० बाजूंची दुसरी प्रत घरी वेगळ्या डिस्कवर असावी. पुढे कधी डिस्क गेलीच, तर तिच्या जागी मेमरी कार्ड बसवण्याचा अडॅप्टर मिळतो. त्यात फिरणारा भाग नसल्यामुळे खड्ड्यांची काळजी उरत नाही.

करवीर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. नाना पेठेतल्या एका कारागिराने तारजोड यांच्या सूचना मोबाइलवर वाचून तिसऱ्या वाटेने काम करून दिले. तो डेक उघडत असताना मी शेजारी बसून होतो. नखाएवढे दोन कपॅसिटर त्याने चिमट्यात धरून, भिंग लावून, एका दमात बसवले आणि सॉकेट ग्लव्ह बॉक्सच्या आतल्या कडेला आणून दिले, म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही. मुकी सीडी मी घरी बनवली.

इंजिन बंद ठेवून पहिली बाजू लावली आणि बागेश्रीच्या आधी बाबांचा आवाज असा आला की मी हातातले काम ठेवून दिले. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू येत होत्या.

मात्र इंजिन सुरू करताच एक बारीक शिट्टी सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढते, सोडला की उतरते. हे कसे थांबवावे?

मध्यसप्तक

ही अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची, शिट्टी आहे. तिचा स्वर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढतो-उतरतो, हीच तिची ओळख. आयपॉड लायटर सॉकेटवर चार्ज होत असेल तर त्याची जमीन दोन वाटांनी गाडीला जोडली जाते, एकदा चार्जरमधून आणि एकदा आवाजाच्या तारेतून. त्या दोन ठिकाणांच्या विजेच्या पातळीत किंचित फरक असतो, तो आवाजाच्या तारेतून वाहतो आणि डेक त्याला संगीत समजून मोठा करतो.

इंजिन चालू ठेवून चार्जर उपटून पाहा. शिट्टी गेली तर कारण नक्की झाले. मग एक उपाय म्हणजे आवाजाच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर घालणे. त्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि आवाज तारेने न जोडता चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. स्वस्त डबीत खर्ज थोडा पातळ होतो, म्हणजे डग्ग्याची घुमार कमी होते. आपल्या कानाला ते जाणवेल. चार्जर उपटूनही शिट्टी राहिली तर मात्र दोष डेकच्या जमिनीच्या तारेत शोधावा लागेल.

तारजोड

आयसोलेटर घेण्याआधी एक साधा हिशोब करा. १६० जीबीच्या शेवटच्या आयपॉड क्लासिकला उत्पादकाने ३६ तास गाणी वाजवण्याइतकी बॅटरी सांगितली आहे. जुन्या बॅटरीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ताकद उरली असेल असे धरले, तरी पुणे ते कोल्हापूर जाऊन यायला ती पुरते. रात्री घरी चार्ज करा, गाडीत चार्जर लावूच नका.

करवीर

चार्जर उपटला आणि शिट्टी तत्क्षणी थांबली. इतक्या सोप्या गोष्टीवर मी दोन दिवस विचार करत बसलो होतो. आयसोलेटर घेणार नाही.

आता एकच अडचण उरली आहे. बाबांचा आवाज ऐकू यावा म्हणून डेकचा आवाज वाढवला की पुढे गायन सुरू होताच तो एकदम मोठा होतो आणि आई दचकते. महामार्गावर गाडीचा स्वतःचा आवाज असतोच, त्यामुळे डेकचा आवाज कमी ठेवूनही भागत नाही.

मध्यसप्तक

यासाठी संपूर्ण बाजू दाबून सपाट करू नका. आलाप आणि तान यांच्यातला चढ-उतार हाच त्या गायकीचा श्वास आहे. एमपी३ची पातळी पुन्हा एन्कोड न करता बदलणारे प्रोग्रॅम आहेत. ते फाइलमधला पातळीचा आकडा तेवढा बदलतात, दर पायरी १.५ डेसिबलची असते आणि बदल उलट फिरवताही येतो. काही प्रोग्रॅम एमपी३ची फाइल पुन्हा एन्कोड न करता दोन तुकड्यांत कापूनही देतात. प्रत्येक बाजूच्या प्रतीचे असे दोन तुकडे करा. निवेदनाचा सात-आठ सेकंदांचा तुकडा सहा पायऱ्यांनी, म्हणजे ९ डेसिबलने वाढवा आणि गायनाचा तुकडा आहे तसा ठेवा. कापण्याची जागा निवेदन आणि रेडिओ यांच्या मधल्या शांततेत घ्या, म्हणजे सांधा ऐकू येणार नाही. मूळ फाइलींना हात लावू नका.

जुनाटेप

४२० बाजू एकदम करायला घेऊ नका. पुढच्या प्रवासात लागतील तेवढ्या आठ-दहा आधी करा, पातळी आईंच्या कानाने ठरवा आणि मग उरलेल्यांना हात घाला. बसल्या जागेवरून, काचा बंद असताना, गाडी ऐंशीच्या वेगात असताना त्यांना काय ऐकू येते ते घरच्या टेबलावर समजत नाही.

करवीर

जुनाटेप यांचे ऐकले ते बरे झाले. दहा बाजू घेऊन गेलो होतो. ९ डेसिबल घरी पुरेसे वाटले होते, पण महामार्गावर कमी पडले. १२ डेसिबलवर, म्हणजे आठ पायऱ्यांवर, नीट जमले. मागची फसफसही तेवढीच वाढते, परंतु ती कॅसेटची स्वतःची आहे आणि आईला ती परकी वाटत नाही. सगळ्या बाजू प्रवास सुरू होण्याआधीच लावून ठेवतो आणि बाजू बदलायची झाली तर गाडी कडेला उभी करतो.

शनिवारी सकाळी कोल्हापूरहून निघालो. कराडच्या पुढे चौथी बाजू लागली. बाबांनी तारीख सांगितली, वार सांगितला, "राग मारुबिहाग" म्हणाले आणि मग थोडे थांबून, कुणाला तरी उद्देशून, "दार लोटून घे" असे म्हणाले. हे शेवटचे वाक्य मी घरी हेडफोनवरही कधी नीट ऐकले नव्हते. तो कॅसेटचाच काही आवाज असेल असे समजून सोडून दिले होते. आईने ती बाजू पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली, म्हणून उंब्रजजवळ गाडी थांबवली आणि तिला तीन वेळा ऐकवली. दार लोटून घ्यायला तिलाच सांगितले होते, असे ती म्हणाली. शिवाय मी यादीत त्या बाजूचा महिना जानेवारी लिहिला होता, तो तिच्या मते नोव्हेंबर आहे. बाबा महिन्याचा आकडा सांगतात आणि कॅसेटवरच्या फिकट अक्षरात मला ११ मधला एकच १ दिसला होता. घरी येऊन ती नोंद दुरुस्त केली. आता उरलेल्या ४१० बाजूंची निवेदने कापून घेत आहे. रोज रात्री दहा होतात.